ठिकाण नसलेले चंद्रकंप

चंद्रकंपांचं वेब अॅप करायचं म्हटलं की डोळ्यांसमोर आधी गोलच येतो. काळ्या पडद्यावर सावकाश फिरणारा चंद्र, विवरांच्या सावल्या, आणि जिथे कंप झाला तिथे उमटणारा लाल ठिपका. ठिपक्यावर बोट ठेवलं की तारीख, वेळ, तीव्रता. ब्राउझरमध्ये एवढं उभं करणं आता फारसं अवघड नाही. चंद्राभोवती फिरणाऱ्या लूनर रिकॉनिसन्स ऑर्बिटर या यानाच्या निरीक्षणांवरून नासाने तयार केलेले चंद्राचे रंगांचे आणि उंचसखलपणाचे नकाशे कुणालाही मोफत मिळतात. ब्राउझरमध्ये त्रिमिती चित्रं काढणारी थ्री डॉट जेएससारखी लायब्ररी ते गोलावर चढवून देते. सूर्याचा कोन बदलला की सावल्याही आपोआप सरकतात. एवढं झालं की काम संपत आल्यासारखं वाटतं, आणि तेव्हाच खरा प्रश्न पुढे येतो: ठिपका ठेवायचा कुठे?

अपोलो मोहिमांनी चंद्रावर ठेवलेल्या कंपमापकांनी नोंदवलेल्या चंद्रकंपांची मूळ यादी उघडून पाहा. साधी मजकुराची फाइल आहे, १३ हजारांच्या आसपास ओळी. प्रत्येक ओळीत वर्ष, त्या वर्षातला कितवा दिवस, कंप सुरू झाल्याची वेळ, थांबल्याची वेळ, चार स्थानकांवर दिसलेली लाटेची उंची आणि प्रकार सांगणारं एक अक्षर. अक्षांश नाही, रेखांश नाही, खोली नाही. वेळसुद्धा मिनिटापर्यंतच. लाटेची उंची मिलिमीटरमध्ये दिली आहे, पण हे मिलिमीटर चंद्राच्या जमिनीवरचे नव्हेत, कागदावरचे आहेत. सिग्नल दाटीवाटीने कागदावर उमटवले जात आणि माणसं ते डोळ्यांनी वाचत. कुठेतरी रेघ जाड झालेली दिसायची, इथे काहीतरी घडलंय असं कुणीतरी ठरवायचं, सुरुवात आणि शेवट लिहायचं, उंची मोजायचं आणि पुढच्या कागदाकडे वळायचं. टेक्सास विद्यापीठातल्या योसियो नाकामुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अशा कामातून ही यादी उभी राहिली. ती वाचताना मला आकड्यांइतकीच ती नजर दिसते, आणि या नजरेबद्दल मला अपार आदर आहे.

म्हणून माझं अॅप गोलापासून सुरू होत नाही. ते काळापासून सुरू होतं. या नोंदींबद्दल आपल्याला सगळ्यात खात्रीने माहीत आहे ती वेळ. ठिकाण नंतर येतं, आणि बहुतेक नोंदींच्या बाबतीत येतच नाही. पहिल्याच पडद्यावर फिरता चंद्र आणि त्यावर हजारो ठिपके दाखवले असते तर पाहणाऱ्याला वाटलं असतं की या कंपांचे पत्ते आपल्याकडे आहेत. ते आपल्याकडे नाहीत.

काळपट्टी १९६९ ते १९७७ अशी आहे. त्या वर्षांत कंपांच्या उभ्या रेघा नुसत्या मांडल्या तर एक विचित्र गोष्ट दिसते. सुरुवातीला विरळ आणि १९७२ नंतर दाट. पाहणाऱ्याच्या मनात लगेच येतं की चंद्र अस्वस्थ होत गेला. चंद्र होता तसाच होता, ऐकणारे कान वाढत गेले. जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ ने ठेवलेलं यंत्र सौरऊर्जेवर चालायचं आणि जेमतेम तीन आठवडे चाललं. नोव्हेंबरमध्ये अपोलो १२ चं स्थानक सुरू झालं आणि पुढचं सव्वा वर्ष ते एकटंच होतं. फेब्रुवारी १९७१ मध्ये अपोलो १४, त्याच वर्षी जुलैअखेरीस १५, एप्रिल १९७२ मध्ये १६. या चौघांना प्लुटोनियमच्या उष्णतेतून वीज देणारे स्रोत होते, त्यामुळे चौदा-चौदा दिवसांची चांद्ररात्रही ती जागून काढत. ३० सप्टेंबर १९७७ रोजी पृथ्वीवरून आज्ञा पाठवून चौघांचंही ऐकणं थांबवण्यात आलं.

म्हणून कंपांच्या रेघांच्या मागे मी चार आडवे पट्टे ठेवले, प्रत्येक स्थानकाचा एक. यंत्र चालू असेल तेवढाच पट्टा रंगीत, मध्ये खंड पडला असेल तर खंडच. अपोलो १२ चा लघुआवर्ती, म्हणजे जलद थरथर टिपणारा, कंपमापक कधी चाललाच नाही, तर त्याची रेघ शेवटपर्यंत रिकामी आहे. अपोलो १४ च्या दीर्घआवर्ती, म्हणजे संथ लहरी टिपणाऱ्या, कंपमापकाचा उभी हालचाल मोजणारा घटक कुरकुरत राहिला, तर तिथे फिकट रंग. हे पट्टे काढून टाकले तर पडदा जास्त देखणा होईल असं दाखवून पाहिलेल्या काहींनी सुचवलं. मला ते पटलं नाही. या आलेखात पार्श्वभूमी हीच अर्धी माहिती आहे.

मूळ तरंगांच्या फाइलींशी झटापट हा वेगळाच भाग, पण तो थोडक्यात सांगतो. एके काळी चुंबकीय फितींवर असलेला हा सगळा ऐवज आता भूकंपशास्त्राच्या नेहमीच्या फाइलींच्या रूपात मिळतो आणि पायथनमधल्या ऑब्सपाय लायब्ररीने उघडतो. दीर्घआवर्ती वाहिन्या सेकंदाला सुमारे ६.६ नमुने घेतात, लघुआवर्ती सुमारे ५३. प्रत्येक नमुना दहा बिटांचा, म्हणजे ० ते १०२३ यांमधला एक पूर्णांक. दिवसाला एका दीर्घआवर्ती वाहिनीचे पावणेसहा लाखांच्या आसपास आकडे होतात. सगळे ब्राउझरकडे पाठवण्यात अर्थ नाही आणि सरासरी काढून पाठवणं त्याहून वाईट, कारण कंपाची उसळी सरासरीत विरघळून जाते. पडद्यावरच्या प्रत्येक उभ्या ओळीसाठी त्या काळातला सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा, असे दोनच आकडे ठेवायचे. जवळ जाल तसे बारीक तुकडे मागवायचे. नोंद तुटली असेल तिथे दोन टोकं रेघेने जोडायची नाहीत. अशी जोडरेघ दिसायला निरुपद्रवी असते, पण तेवढा वेळ चंद्र शांत होता असं ती सुचवते, आणि तसं म्हणायला आपल्याकडे काहीच आधार नसतो. वेळेचे शिक्के पृथ्वीवरच्या ग्रहणकेंद्रांवर उमटत असत, त्यामुळे चंद्रापासून इथवर यायला रेडिओ-संदेशाला लागणारा सव्वा-दीड सेकंदही त्यात मिसळलेला असतो. मिनिटांच्या यादीला याने फरक पडत नाही, पण लहरींच्या आगमनाची वेळ मोजायची असेल तर पडतो.

आता तरंगाकडे येतो, कारण चंद्र पृथ्वीपेक्षा किती निराळा आहे हे इथे डोळ्यांना थेट दिसतं.

पृथ्वीवरच्या मध्यम भूकंपाची नोंद आपण पाहिलेली असते. आधी पहिली लहर, मग दुसरी, जोराची हालचाल, आणि काही मिनिटांत सगळं ओसरतं. चंद्रावरची नोंद कुठे सुरू झाली हेच नक्की सांगता येत नाही. रेघ हळूहळू फुगत जाते, काही मिनिटांनी भरात येते आणि मग ओसरत राहते, ओसरतच राहते. २० नोव्हेंबर १९६९ रोजी अपोलो १२ च्या चांद्रयानाचा वरचा, काम संपलेला भाग मुद्दाम चंद्रावर आदळवला, तेव्हा कंपमापक जवळपास तासभर थरथरत होता. चंद्र घंटेसारखा वाजला, हे वर्णन तेव्हापासून प्रसिद्ध आहे. एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ च्या रॉकेटचा तिसरा टप्पा आदळला. ते अंतराळवीर चंद्रावर उतरू शकले नाहीत, पण त्यांच्या रॉकेटच्या त्या धक्क्याची नोंद तीन तासांहून जास्त चालली.

याचं कारण चंद्राच्या वरच्या थरांत आहे. अब्जावधी वर्षांच्या आघातांनी तिथला खडक खोलवर भेगाळलेला आहे, त्यामुळे लहर सरळ न जाता असंख्य दिशांनी विखुरते आणि तिचे तुकडे वेगवेगळ्या वाटांनी उशिरा-उशिरा पोचतात. शिवाय तो खडक विलक्षण कोरडा आहे. पृथ्वीवर खडकांतलं पाणी लहरींची ऊर्जा भराभर खाऊन टाकतं, तिथे तसं काही नाही. या विखुरण्यातच पहिल्या आणि दुसऱ्या लहरीच्या आगमनाच्या खुणा बुडून जातात, आणि कंपाचं ठिकाण काढायला नेमक्या त्याच खुणा लागतात. ठिपका ठेवता न येण्याचं एक मूळ इथे आहे.

तेव्हा तरंगाच्या पडद्यावर आडवा अक्ष पहिल्यापासूनच एका तासाचा ठेवला. पाच मिनिटांचा ठेवला असता तर आकृती ठसठशीत दिसली असती, पण चंद्राचं वैशिष्ट्य त्या चौकटीच्या बाहेर राहिलं असतं. त्याच मापावर वर पृथ्वीवरच्या भूकंपाची एक नोंद आहे. ती डाव्या कोपऱ्यातच संपून जाते आणि खालची चंद्राची रेघ उजव्या टोकापर्यंत जात राहते. या एका जोडचित्रावर मी इतर कशाहीपेक्षा जास्त वेळ घालवला आणि तो सार्थकी लागला असं मला वाटतं.

ऐकण्याची सोयही आहे. दीर्घआवर्ती यंत्र साधारण अर्ध्या हर्ट्झजवळ सर्वांत संवेदनशील होतं. शंभरपट वेगाने वाजवलं तर तो सूर पन्नास हर्ट्झवर येतो आणि फोनच्या बारक्या स्पीकरला तो झेपत नाही. चारशेपट केला तर दोनशे हर्ट्झ, आणि एका तासाचा कंप नऊ सेकंदांत ऐकून होतो. चारशेपटीनेही नमुन्यांचा दर ब्राउझरच्या ध्वनियंत्रणेला लागणाऱ्या किमान दरापेक्षा कमीच पडतो, म्हणून मधले नमुने गणिताने भरावे लागतात. हे भरलेलं आहे, ते तिथेच लिहिलेलं आहे. ऐकताना सुरुवातीचा ठोका येत नाही. आवाज कुठूनसा चढत येतो.

यादीतल्या सगळ्यात मोठ्या गटापाशी आलं की मात्र ठिकाणाचा प्रश्न वेगळं वळण घेतो. सात हजारांहून जास्त नोंदी खोल चंद्रकंपांच्या आहेत. हे फार दुबळे कंप, आणि चंद्राच्या पोटात सुमारे ७०० ते १२०० किलोमीटर खोलीवर होणारे. पृथ्वीवर सर्वांत खोल भूकंप साधारण ७०० किलोमीटरवर संपतात. चंद्राची त्रिज्याच १७३७ किलोमीटर, म्हणजे हे कंप जवळजवळ अर्ध्या वाटेवर किंवा त्याच्याही खाली होतात. यातले पुष्कळसे कंप एकमेकांची हुबेहूब नक्कल असतात. तीच फुगवटी, तेच खाचखळगे, रेघेवर रेघ ठेवावी तर जुळते. तरंग इतका सारखा असेल तर लहरी त्याच जागेवरून, त्याच वाटेने आल्या असणार. अशा जागांना नाभी म्हणू. तरंगांची एकमेकांशी तुलना करत नाकामुरा यांनी तीनशेच्या आसपास नाभी वेगळ्या काढल्या. ए-१ नावाची नाभी सर्वांत बोलकी, तिच्या एकटीच्या शेकडो नोंदी आहेत. एकेक नोंद इतकी अंधूक असते की तिच्यातून काही वाचता येऊ नये. पण त्या नीट जुळवून एकावर एक रचल्या की गोंगाट परस्परांना खोडून काढतो आणि कंपाचा आकार वर येतो. २०११ मध्ये रेने वेबर आणि सहकाऱ्यांनी अशा रचलेल्या नोंदींमधून चंद्राच्या गाभ्यावरून परतलेल्या लहरी शोधल्या आणि गाभा आत घन, बाहेर द्रव असल्याचं दाखवलं. यंत्रं बंद पडून तेव्हा तीन दशकांहून अधिक काळ लोटला होता.

अॅपमध्ये एक सरकपट्टी आहे. ती ओढली की ए-१ च्या एकेका कंपाची भर पडत जाते. सुरुवातीला नुसती खरड दिसते, आणि थोडं पुढे गेल्यावर आकृती स्थिर होते. दाखवायला घेतलं की लोक ही पट्टी मागेपुढे, मागेपुढे ओढत राहतात. स्पष्टीकरणाचा परिच्छेद मी तिथून काढून टाकला, त्याची गरज उरली नाही.

या नाभींची दुसरी गंमत त्यांच्या वेळांत आहे. चंद्र पृथ्वीभोवती लंबवर्तुळात फिरतो. उपभू, म्हणजे पृथ्वीच्या सर्वांत जवळच्या, बिंदूपासून पुन्हा उपभू बिंदूपर्यंत येण्याला त्याला सुमारे २७.५५ दिवस लागतात आणि या काळात पृथ्वीच्या ओढीने त्याच्या शरीरात ताण चढतो-उतरतो. खोल चंद्रकंप या चक्राला बांधलेले आहेत. सरळ काळपट्टीवर ते दिसत नाही, नुसता पाऊस पडल्यासारखं दिसतं. तीच पट्टी वर्तुळात गुंडाळली, एक फेरा म्हणजे २७.५५ दिवस, उपभू वरच्या टोकाला, आणि एकच नाभी निवडली, की रेघा वर्तुळाच्या ठराविक भागात गोळा होतात. दुसरी नाभी निवडली की गर्दी दुसरीकडे सरकते. बरीच वर्षं एकत्र पाहिली तर गर्दीतही हळुवार हेलकावे दिसतात, कारण ओढीची मांडणी सूर्यामुळे आणि कक्षेच्या फिरण्यामुळे महिन्यांच्या व वर्षांच्या हिशेबानेही बदलते. हा ताण फारच लहान आहे. इतक्या खोलीवरच्या दाबाखाली खडक नेमका कसा सरकत असेल, यावर शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही. वेळापत्रक हाती आहे, यंत्रणा नाही.

इतकं झाल्यावर गोल येतो. तिसऱ्या पडद्यावर.

त्यावर पहिल्यांदा दिसतात ती फक्त चार स्थानकं. अपोलो १२ आणि १४ एकमेकांपासून सुमारे १८० किलोमीटरवर, १५ उत्तरेला, १६ पूर्वेला, म्हणजे प्रत्यक्षात ११०० किलोमीटर बाजूचा एकच त्रिकोण. चंद्राचा परीघ जवळपास ११ हजार किलोमीटर. सगळा त्रिकोण पृथ्वीकडच्या बाजूला. कंपाचं ठिकाण काढायचं म्हणजे अक्षांश, रेखांश, खोली आणि वेळ असे चार अज्ञात, आणि ऐकणारे म्हणाल तर चार, खरं पाहता तीन. त्यामुळे तीनशे नाभींपैकी साधारण शंभरेकच जागेवर बसवता आल्या आहेत, त्याही कितीतरी किलोमीटरच्या अनिश्चिततेसह. गोल अर्धपारदर्शक केला आहे, नाहीतर ९०० किलोमीटर खोलीवरची गोष्ट पृष्ठभागावर चिकटवल्यासारखी दिसते. प्रत्येक नाभी म्हणजे एक धूसर ढग, आणि अनिश्चितता जितकी जास्त तितका तो मोठा आणि फिका. टोकदार ठिपका कुठेच नाही. अपवाद फक्त मुद्दाम आदळवलेल्या यानांचा, कारण त्यांची जागा आणि वेळ दोन्ही माहीत होत्या, आणि बाकीची मोजमापं त्यांच्याच आधारावर तपासली गेली.

उल्कांच्या आघातांच्या नोंदी १७०० हून जास्त आहेत. औष्णिक कंप त्याहून लहान. चांद्रसूर्योदयानंतर साधारण ४८ तासांनी ते सुरू होतात आणि सूर्यास्तानंतर मंदावतात, तापणाऱ्या-निवणाऱ्या जमिनीचे. गोलावर सूर्यप्रकाशाची सीमा फिरवली की हे कळतं.

उथळ चंद्रकंप मात्र थांबून पाहायला हवेत. मूळ यादीत ते फक्त २८ आहेत आणि सर्वांत जोराचे तेच, काही तर पाचच्या आसपास तीव्रतेचे. २०१९ मध्ये थॉमस वॉटर्स आणि सहकाऱ्यांनी त्यांची ठिकाणं नव्याने काढली, तेव्हा त्यांतले आठ कंप पृष्ठभागावरच्या तरुण स्तरभंगांच्या, म्हणजे खडक तुटून सरकलेल्या जागांच्या, ३० किलोमीटरांच्या आत निघाले. चंद्र निवत आहे, आकसत आहे, आणि कवच दाबलं जाऊन असे स्तरभंग आणि त्यांचे उंचवटे तयार होतात. त्यातला एक, ली-लिंकन, अपोलो १७ च्या दरीतूनच जातो. अंतराळवीर त्यावरून गाडी घेऊन गेले होते. चंद्रावर वस्ती करण्याचे आराखडे आखले जात असताना या २८ नोंदी माझ्या अॅपमध्ये सर्वांत मोठ्या अक्षरांत असाव्यात असं मला ठामपणे वाटतं. पाच तीव्रतेचा कंप दहा मिनिटांहून जास्त चालला तर त्या बांधकामाचं काय होईल, याचा विचार पृथ्वीवरच्या अनुभवावरून करता येणार नाही.

प्रकाराच्या रकान्यात हजारो ओळी अशा आहेत जिथे अक्षरच नाही. बहुतेक चित्रांतून त्या गाळल्या जातात. मी त्या राखाडी रंगात सगळीकडे ठेवल्या, आणि त्या लपवण्याचं बटण दिलं नाही. २०२४ मध्ये केइसुके ओनोदेरा यांनी लघुआवर्ती नोंदी पुन्हा चाळून २२ हजारांहून अधिक नवे कंप शोधून काढले, त्यात उथळही होते. एकूण आकडा ३५ हजारांच्या घरात गेला. त्यामुळे यादी आता बदलणारी वस्तू आहे असं धरूनच आतली रचना केली आहे. प्रत्येक नोंदीबरोबर ती कुणी, कधी, कोणत्या पद्धतीने ओळखली हे जोडलेलं असतं, आणि पाहणारा १९८० च्या दशकातली यादी आणि आजची यादी आलटूनपालटून पाहू शकतो.

चांद्रयान-३ साठी वेगळा थर आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी विक्रम दक्षिण ध्रुवाच्या दिशेला सुमारे ६९ अंश अक्षांशावर उतरलं, आणि त्यावरच्या इल्सा या उपकरणाने अपोलोनंतर प्रथमच तिथल्या जमिनीचा थरकाप टिपला. सुमारे १९० तासांच्या नोंदीत अडीचशेच्या आसपास सिग्नल. त्यातले दोनशे प्रज्ञान रोव्हरच्या हालचालींशी आणि इतर उपकरणांच्या कामाशी जुळतात, पन्नासेक कशाशीच जुळत नाहीत. एकच स्थानक, म्हणून इथे ढगसुद्धा नाही. उतरण्याची जागा आणि वेळांची पट्टी, बस. हा थर अपोलोच्या गोलावरच बसवावा की वेगळा ठेवावा, यावर मी बराच घोळ घातला. यंत्रांची जात वेगळी, संवेदनशीलता वेगळी, ऐकण्याचा काळ दोन आठवड्यांहूनही कमी. एकाच रंगात दोन्ही दाखवले की आकड्यांची तुलना होणारच, आणि ती चुकीची असेल. वेगळा ठेवला.

शेवटी पलीकडची बाजू. गोल फिरवून पृथ्वीकडे पाठ केलेला चंद्र समोर आणला की ढग जवळपास संपतात. नाकामुरा यांनी २००५ मध्ये पलीकडच्या बाजूच्या सुमारे तीस संभाव्य नाभी शोधल्या, पण त्या बाजूच्या मध्यबिंदूभोवती साधारण ४० अंशांच्या आत एकही सापडली नाही. तो भाग शांत असेल, किंवा तिथून निघालेल्या लहरी चंद्राच्या खोल अंतरंगातून आपल्या त्रिकोणापर्यंत येताना विरत किंवा वळत असतील. दोन्ही शक्यता जमेस धरल्या तर तो भाग रिकामा सोडणं बरोबर नाही आणि भरणंही नाही, म्हणून त्यावर तिरक्या रेघा आहेत. त्यावर बोट ठेवलं की वर सांगितलेल्या दोन्ही शक्यता शेजारी शेजारी उघडतात, सोबत लहरींच्या वाटांचं एक छेदचित्र.

पलीकडच्या बाजूवर, दक्षिणेकडच्या श्रोडिंगर खोऱ्यात, नासाचे कंपमापक पाठवण्याचं काम सुरू आहे. तिथून त्या रेघांच्या प्रदेशाकडे जाणारी वाट चंद्राच्या गाभ्यातून जावी लागत नाही. नोंदी प्रसिद्ध होतील तेव्हा त्यांच्यासाठी पाचवा पट्टा तयार ठेवला आहे, काळपट्टीच्या उजव्या टोकाला, १९७७ नंतरच्या लांबलचक कोऱ्या जागेच्या पुढे. त्या फाइलींत मी पहिल्यांदा शोधणार आहे ते २७.५५ दिवसांनी परत येणारे, एकमेकांशी जुळणारे आणि अपोलोच्या एकाही नाभीशी न जुळणारे तरंग.